आपत्कालीन पिशवी: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

भारताच्या संसदेने २००५ साली संमत केलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने देशाच्या सुरक्षिततेची एक सुबक उतरंड उभी केली असून, तीत राष्ट्रीय प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी हे पदसिद्ध, म्हणजे त्या पदावर असल्यामुळेच, बसतात. जिल्ह्याच्या पातळीवर कायद्याने एक सहअध्यक्षही ठेवला आहे, यावरून कायदा रचणाऱ्यांना गृहस्थाश्रमाचा चांगला अनुभव असावा असा तर्क करण्यास जागा आहे. तथापि जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्या उतरत घराच्या उंबऱ्याशी आल्यावर कायदा बाहेरच थांबतो. वस्तुतः पाणी शिरते ते घरात, दिवे जातात ते घरातले आणि अंधारात अंगठा ठेचतो तोही घरातल्याच कोणाचा. परंतु तेथे अध्यक्ष कोण आणि सहअध्यक्ष कोण हा प्रश्न विवाहाच्या दिवसापासून प्रलंबित असतो. दोघांपैकी एकाला आपत्कालीन सज्जतेची ओढ लागली असेल आणि दुसऱ्याला ती ओढ म्हणजे रिकामपणाचा उद्योग वाटत असेल, तर दुसऱ्याला राजी कसे करावे, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी सज्जतेचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीस ‘दक्ष पक्ष’ आणि तो आग्रह सहन करणाऱ्या व्यक्तीस ‘निश्चिंत पक्ष’ म्हटले आहे. हे पक्ष पती-पत्नी या भेदावर अवलंबून नाहीत. एकच व्यक्ती गॅसच्या बाबतीत दक्ष आणि विम्याच्या बाबतीत निश्चिंत असू शकते, आणि रोज रात्री दाराची कडी तीनदा ओढून पाहणारा गृहस्थ पुराच्या बाबतीत मात्र ‘आपल्याकडे येत नाही’ या एका वाक्यावर तीस पावसाळे काढतो. दक्ष पक्षाचा जन्म बहुधा एखाद्या आपत्तीनंतरच्या आठवड्यात होतो; निश्चिंत पक्षाचा पुनर्जन्म त्याच आपत्तीनंतर काही महिन्यांनी, भिंतींना नवा रंग लागला की होतो. या दोहोंमधील वादवस्तू म्हणजे आपत्कालीन पिशवी, अर्थात मदत पोहोचेपर्यंत, साधारण बहात्तर तास, कुटुंबाला पुरेल इतके पाणी, कोरडे अन्न, औषधे, प्रथमोपचाराचे सामान, टॉर्च, रोकड आणि कागदपत्रांच्या प्रती एकत्र ठेवलेली व उचलून निघता येईल अशी पिशवी. पिशवीच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांमध्ये एकमत आहे. ती कपाटाच्या कोणत्या कप्प्यात ठेवायची आणि तेथे आधी असलेल्या बस्त्याच्या साड्या कोठे हलवायच्या, याविषयी मात्र कोणत्याही प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढलेल्या नाहीत.

भारतीय शास्त्रग्रंथांची रीत अशी की आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, त्याच्याइतक्याच जोमाने मांडावे आणि मगच आपला उत्तरपक्ष सांगावा. दक्ष पक्षाचे बहुतेक पराभव ही रीत न पाळल्यामुळे झालेले आहेत. निश्चिंत पक्षाचा पहिला आक्षेप धर्मशास्त्रीय असतो. वास्तुपुरुष, म्हणजे वास्तुशांतीच्या वेळी विधिपूर्वक घराच्या भूमीत स्थापन केली जाणारी देवता, घरातल्यांचे बोलणे सतत ऐकत असते आणि अधूनमधून ‘तथास्तु’ म्हणत असते, अशी समजूत मराठी घरांत रूढ आहे. त्यामुळे दिवेलागणीच्या सुमारास दक्ष पक्षाने ‘समजा, रात्री भूकंप झाला’ असे म्हणताच ‘अहो, तिन्हीसांजेचं शुभ बोला’ या एका वाक्याने सभा तहकूब होते. या आक्षेपाला भूगर्भशास्त्राने उत्तर देऊ पाहणारा पक्ष हरतो, कारण वास्तुपुरुषाला खोटे ठरवणे म्हणजे वास्तुशांतीचा खर्च व्यर्थ ठरवणे, आणि तो खर्च बहुधा सासऱ्यांनी केलेला असतो. यावर शास्त्रशुद्ध उपाय असा की वाक्यरचना उलटी करावी: ‘काहीही झालं तरी आईंच्या गोळ्या आपल्या हाताशी असतील आणि सगळे सुखरूप बाहेर पडतील’. या वाक्याला वास्तुपुरुषाने ‘तथास्तु’ म्हटले तर कोणाचीच हरकत नसते, आणि घराच्या समितीला एक तटस्थ सदस्य फुकट मिळतो.

उर्वरित आक्षेप तर्कशास्त्रीय असून ते न्यायदर्शनाने मानलेल्या प्रमाणांच्या, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांच्या, क्रमाने घेणे सोयीचे आहे. ही साधने चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांपैकी प्रत्यक्षाची, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची, उपासना कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी फार निष्ठेने होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३, हे तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु इशाऱ्याची पातळी ओलांडल्याचे कळताच सामान माळ्यावर चढवण्याऐवजी कुटुंबच्या कुटुंब पाणी बघायला बाहेर पडते, पुलाच्या कठड्याशी भाजलेले कणीस खाते, कालच्यापेक्षा पाणी किती वाढले यावर आपापले मतभेद नोंदवते आणि घरी येऊन झोपते. या कुटुंबातील कर्त्या पुरुषाला कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे हे तोंडपाठ असते; क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, पाणी. कोयनेची साठवणक्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, आहे हे तो झोपेतही सांगतो, आणि अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा सांगलीवर परिणाम होतो की नाही या विषयावर चहा गार होईपर्यंत बोलतो. त्याच गृहस्थाला स्वतःच्या घराचा मेन स्विच कोठे आहे असे विचारले असता तो पत्नीकडे पाहतो.

दुसरे प्रमाण अनुमान. अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या न चुकणाऱ्या साहचर्यावर, उभे असते. जेथे धूर तेथे अग्नी हे त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण. निश्चिंत पक्षाची व्याप्ती अशी: २००५ च्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीला लागून परत गेले, ज्याअर्थी ते तेव्हा परत गेले त्याअर्थी ते नेहमीच दुसऱ्या पायरीवरून परत जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा २००५ च्या खुणेवर विसंबून घरात थांबलेल्या अनेकांना वरच्या मजल्यावरून होडीची वाट पाहावी लागली. या अनुमानाला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तर्क निर्दोष होता, केवळ पुराव्याचे पुस्तक पातळ होते. पुण्याच्या पेठांनाही नदीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि तो स्वभाव काही तासांत निरुपयोगी ठरला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा सकाळी ‘येताना कोथिंबीर आणा’ एवढ्याच निरोपावर घराबाहेर पडलेले असंख्य मुंबईकर दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले. आणि किल्लारीचा परिसर तर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तेथे जे घडले त्याच्यापाशी विनोद थांबतो, आणि थांबावा. या सर्व उदाहरणांचा निष्कर्ष इतकाच की मागच्या वेळची खूण भिंतीवर जपून ठेवावी, पण पुढच्या वेळी पाण्याला ती दाखवता येत नाही हे लक्षात असू द्यावे.

तिसरे प्रमाण उपमान, म्हणजे सादृश्यावरून होणारे ज्ञान, याचा निश्चिंत पक्ष फार काटकसरीने वापर करतो. ‘शेजारी कोणी ठेवलीय का अशी पिशवी?’ या प्रश्नापलीकडे त्याची गरज पडत नाही. शेजारीही हाच प्रश्न विचारत असल्यामुळे संपूर्ण सोसायटी परस्परांच्या सादृश्यावर सुरक्षित असते. चौथे प्रमाण शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे वचन. सप्तपदीनंतर जोडीदार या व्याख्येतून आपोआप वगळला जातो, हे तत्त्व दक्ष पक्षाने जितक्या लवकर स्वीकारावे तितके बरे. जे वाक्य जोडीदाराने दहा वेळा सांगितले असता ‘तुझं आपलं काहीतरीच’ ठरते, तेच वाक्य माहेरच्या मोठ्या बहिणीने, कार्यालयातील साहेबांनी किंवा इलेक्ट्रिशियनने एकदा सांगितले की ‘आज एक महत्त्वाची गोष्ट कळली’ या प्रस्तावनेसह जोडीदारालाच परत ऐकवले जाते. अशा वेळी ती गोष्ट प्रथमच ऐकत असल्याचा चेहरा करता येणे हे आपत्कालीन सज्जतेतील मूलभूत कौशल्य असून, ते प्रथमोपचाराच्याही आधी शिकावे. शासनाच्या शब्दाला तरी मान मिळतो काय, तर तसेही दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये मोबाइलवरून आपत्कालीन इशारा देण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली आणि महाराष्ट्रातील असंख्य फोन एकाएकी कर्कश किंचाळले; त्या क्षणी घराघरांत आपत्तीचा विचार करण्याऐवजी ‘तू काय दाबलंस?’ या प्रश्नाची देवाणघेवाण झाली. खरी आपत्ती आली असती, तर तिचा पहिला अर्धा तास कोणी काय दाबले हे ठरवण्यात गेला असता.

प्रमाणांची चर्चा संपली की निश्चिंत पक्ष आपला शेवटचा आणि सर्वांत भक्कम आक्षेप मांडतो: ‘घरात सगळं आहे’. येथे न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी सांगितलेले अभावाचे, म्हणजे नसण्याचे, चार प्रकार घरातल्या टॉर्चच्या साहाय्याने समजून घेता येतात. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचे तिचे नसणे हा प्रागभाव. ‘उद्या येताना आणतो’ म्हणून जे सेल कधी आणलेच गेले नाहीत त्यांचा अभाव या वर्गात मोडतो. वस्तूच्या नाशानंतरचे नसणे हा प्रध्वंसाभाव. टॉर्चमध्येच गळून, स्प्रिंगला पांढरट हिरवे क्षार धरवून जे सेल निजधामास गेले ते या प्रकारचे. एक वस्तू ही दुसरी वस्तू नसणे हा अन्योन्याभाव. घरात सेल आहेत, परंतु ते पेन्सिल सेल असून टॉर्चला जाड सेल लागतात, येथे तो दिसतो. आणि तिन्ही काळांत नसणे हा अत्यंताभाव; टॉर्चमधले चांगले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात कोणी बसवले याची कबुली देण्याची इच्छा कोणत्याही घरात, कोणत्याही काळी आढळलेली नाही. ‘मोबाइलला टॉर्च असतो की’ असे यावर सांगितले जाते; परंतु वीज दोन दिवस नसेल तर मोबाइल हा बातमीचा, निरोपाचा आणि उजेडाचा असे तीन धंदे एका चार्जवर करू शकत नाही, आणि तो चार्जही दुपारपर्यंत पुराचे व्हिडिओ पाहण्यात संपलेला असतो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धी नावाचे आणखी एक प्रमाण मानतात. एखादी वस्तू दिसायला हवी अशा ठिकाणी दिसली नाही, तर ती तेथे नाही हे ज्ञान अनुपलब्धीने होते. या आचार्यांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर राखूनही असे नमूद करावे लागते की मराठी घरांत हे प्रमाण एकतर्फीच लागू पडते. घरातील एका सदस्याने कपाटाचा तिसरा कप्पा उघडून ‘इथं नाही’ असे जाहीर केल्यावर, दुसऱ्या सदस्याने तेथे जाऊन, त्याच कप्प्यातून, वरचा रुमाल बाजूला करून ती वस्तू काढून देणे ही इतकी नित्याची घटना आहे की पहिल्या सदस्याची अनुपलब्धी हे वस्तूच्या नसण्याचे प्रमाण मानता येत नाही. हा मुद्दा वरवर विनोदी वाटला तरी सज्जतेचा खरा प्रश्न येथेच दडलेला आहे. बहुतेक घरांत वस्तू असतात. त्या कोठे आहेत हे एकाच व्यक्तीला माहीत असते, आणि आपत्ती ही त्या व्यक्तीची घरी असण्याची वेळ विचारून येत नाही.

आता पिशवीतील द्रव्यांचा स्वतंत्र विचार केला पाहिजे, कारण प्रत्येक द्रव्याचा स्वभाव वेगळा आणि त्यावरचा वादही वेगळा आहे. पाणी पिण्यासाठी आणि जुजबी वापरासाठी माणशी दिवसाला सुमारे चार लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागते. एवढे पाणी भरून ठेवण्यास निश्चिंत पक्षाचा विरोध आळसापोटी नसतो, त्यामागे तत्त्व असते. काल भरलेले पाणी आज शिळे, ते कुंड्यांना घालायचे आणि ताजे भरायचे, ही शिस्त तीन पिढ्यांपासून चालत आलेली असते. दक्ष पक्षाने या शिस्तीशी भांडू नये. आपत्ती व्यवस्थापनात ज्याला फिरता साठा म्हणतात, म्हणजे जुने आधी वापरून त्या जागी नवे भरण्याची पद्धत, ती हीच आहे. फक्त कळशीऐवजी झाकणाचे कॅन आणि रोजऐवजी आठवड्याचा वार एवढा फरक संमत करून घ्यावा. अन्नाची अडचण याच्या नेमकी उलट आहे, कारण साठवलेले पाणी कोणी पिऊ देत नाही आणि खाऊ कोणी राहू देत नाही. पिशवीत भडंग ठेवले तर ते पहिल्या क्रिकेट सामन्याच्या आपत्तीत खर्ची पडते, चिवड्याची पुडी पाहुण्यांच्या आपत्तीत जाते आणि बिस्किटे रात्री अकराच्या भुकेला शरण जातात. म्हणून जे टिकते, शिजवावे लागत नाही आणि मोह पाडत नाही असेच अन्न निवडावे. भाजलेल्या गहू-डाळ्याचे सातूचे पीठ, जे गूळपाण्यात कालवले की जेवण होते, या तिन्ही कसोट्यांना उतरते. घरातील तरुण पिढी त्याच्याकडे पाहतही नसल्यामुळे त्याला कुलूप लावावे लागत नाही. साखर आणि मीठ घरात असतेच, पण ते पिशवीतही असावे, कारण जुलाबांवर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण उपयोगी पडते, आणि पूर ओसरल्यानंतर जुलाबांचे दिवस येतात.

रोकडीच्या बाबतीत दक्ष पक्षाला इतिहासाने एक धडा दिला आहे. वीज नसली की एटीएम आणि मोबाइलचे व्यवहार दोन्ही थांबतात, म्हणून थोडी रोकड, तीही सुट्ट्या नोटांत, पिशवीत असावी असा उपदेश करणाऱ्या अनेक पतींना ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्यावर, आपल्याच घरातील तांदळाच्या डब्याच्या तळाशी, साडीच्या घडीत आणि देवघराच्या खणात अशी तरतूद गेली अनेक वर्षे चालू असल्याचा शोध लागला. ज्या पत्नीला आपण निश्चिंत समजत होतो ती घरातील सर्वांत दूरदर्शी आपत्ती-व्यवस्थापक होती, आणि तिने आराखड्यात गृहीत धरलेली आपत्ती म्हणजे पतीची नोकरी, पतीचे मित्र किंवा स्वतः पती होती, हे त्या आठवड्यात पुष्कळांना बँकेच्या रांगेत उमगले. कागदपत्रांचे रहस्य मात्र बहुधा पतीकडे असते. विम्याची पॉलिसी, घराचा करारनामा आणि सातबारा एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्यास चोराची सोय होते असे सांगून तो ती चार ठिकाणी विखरून ठेवतो आणि पाचव्या वर्षी ती ठिकाणे स्वतःच विसरतो. पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी, म्हणजे नुकसानीच्या सरकारी नोंदीसाठी, तलाठी दारात उभा राहतो, तेव्हा चोराची झालेली गैरसोय कोणाच्या कामी येत नाही.

येथवर पूर्वपक्ष झाला. उत्तरपक्ष त्याच्याच पोटातून निघतो. निश्चिंत पक्ष सज्जतेच्या विरोधात असतो ही दक्ष पक्षाची समजूतच मुळात तपासून पाहिली पाहिजे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर आगोट भरण्याची रीत आहे. पावसाळ्यातले चार महिने बाजाराचा रस्ता बंद राहील हे गृहीत धरून तांदूळ, मीठ, मिरची, कोकम, सुके बोंबील आणि सरपण यांचा साठा करणे म्हणजे आगोट, आणि त्याच सुमारास छपराची कौले नीट करणे म्हणजे शाकारणी. घाटावर उन्हाळाभर गच्चीत पापड, कुरडया, सांडगे वाळतात आणि त्यांवर कावळ्यांपासून राखण करण्यासाठी घरातील एक सदस्य काठीसह नियुक्त असतो. बेगमीचा एवढा मोठा वारसा चालवणाऱ्या व्यक्तीसमोर, संगणकावर छापलेली चोवीस कलमांची यादी ठेवून, ‘आपल्या घरात काहीच तयारी नाही’ असे वाक्य उच्चारणे हा उपदेश नसून अपमान आहे, आणि त्याची प्रतिक्रिया अपमानाला साजेशीच येते. भांडण पुराविषयी किंवा भूकंपाविषयी नसते. साठवणीच्या जागेवर अधिकार कोणाचा, याविषयी असते. माळा, कोठीची खोली आणि पलंगाखालचा कप्पा ही ज्याची सत्ताक्षेत्रे आहेत त्याच्याकडे दक्ष पक्षाने अर्जदार म्हणून जावे, निरीक्षक म्हणून जाऊ नये. ‘हे कुठे ठेवू?’ हा प्रश्न ‘हे ठेवलंच पाहिजे’ या आज्ञेपेक्षा दसपट परिणामकारक ठरतो, कारण प्रश्नाचे उत्तर देणारा स्वतःच्या निर्णयाचा रक्षणकर्ता होतो.

अधिकाराचा प्रश्न सुटल्यावर वेळापत्रकाचा प्रश्न उरतो, आणि तोही परंपरेने आधीच सोडवून ठेवला आहे. साठ्याची तपासणी ‘दर सहा महिन्यांनी’ करावी अशी सूचना कोणत्याही घरात पाळली जात नाही, कारण सहा महिने ही तिथी नाही. परंतु आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातील समया, निरांजने आणि कंदील घासूनपुसून पाटावर मांडून पूजण्याची चाल आहे. ही तिथी जुलै-ऑगस्टात, नद्या भरात असताना येते. त्या पाटावर टॉर्च, इमर्जन्सी दिवा आणि पॉवर बँक यांना बसवले तर सेल बदलणे व चार्जिंग करणे हा धार्मिक विधी होतो आणि तो चुकवण्याची कोणाची छाती होत नाही. याच तिथीला समाजाचा एक मोठा घटक गटारी म्हणून वेगळ्या स्वरूपाची पूर्वतयारी करतो. त्या घटकाला दुपारीच सेल आणण्यास पाठवावे, संध्याकाळी पाठवू नये. दुसरी तपासणी खंडेनवमीला, शस्त्रे आणि अवजारे पुसून पूजण्याच्या दिवशी, ठेवता येते. त्या दिवशी दोरखंड, पाना, प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशामक नळकांडे यांना झेंडूचे फूल वाहताना औषधांवरील मुदतीची तारीख वाचणे सहज घडते. अशा रीतीने वर्षातून दोनदा घराची पाहणी होते आणि तिच्यासाठी कोणालाही सभा बोलवावी लागत नाही.

यानंतर कामांची वाटणी येते, आणि ती कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावी, कारण तोंडी करार प्रत्येक पक्षाला आपल्या बाजूने आठवतो. मेन स्विच कोणी बंद करायचा, सिलिंडरचा रेग्युलेटर कोणी फिरवायचा, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चष्मा कोणी घ्यायचा, मांजराला कोणी पकडायचे आणि मांजर सापडले नाही तर किती वेळ शोधायचे, हे आधी ठरलेले बरे. ११२ हा सर्व मदतीचा, १०८ रुग्णवाहिकेचा, १०१ अग्निशमनाचा, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि १९०६ गॅसगळतीचा, हे क्रमांक त्याच कागदावर असावेत. त्यांच्या शेजारी जोडीदाराचा मोबाइल क्रमांकही लिहावा. पंचवीस वर्षे संसार केलेल्या गृहस्थाला लहानपणीच्या घराचा सहा आकडी दूरध्वनी क्रमांक पाठ असतो आणि पत्नीचा मात्र फोनलाच माहीत असतो, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. शेवटी, गावाबाहेरची एक व्यक्ती निरोपांचे केंद्र म्हणून नेमावी, म्हणजे स्थानिक फोन लागत नसताना दोघांनी आपापली खुशाली तिला कळवायची. या पदासाठी बातमी वेगाने आणि स्वयंस्फूर्तीने सर्वदूर पोहोचवण्याचा अनुभव आवश्यक असतो. तशी एक आत्या प्रत्येक कुटुंबात असते, आणि आजवर टीकेचा विषय झालेल्या तिच्या गुणाला या निमित्ताने राष्ट्रीय उपयोग लाभतो.

इतके साधल्यावर धोका निश्चिंत पक्षाकडून उरत नाही, तो दक्ष पक्षाकडूनच संभवतो. ज्याने पिशवी भरली त्याच्या मनात, कितीही नाकारले तरी, ती उघडण्याची वेळ यावी अशी एक सुप्त आकांक्षा असते. पहिल्या वळवाच्या पावसात दोन तास दिवे गेले की त्याच्या मुद्रेवर जे तेज येते ते इन्व्हर्टरनेही येत नाही, आणि ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ हे वाक्य ओठांशी येऊन उभे राहते. हे वाक्य उच्चारल्यास वर्षभराचे साध्य एका क्षणात लयाला जाते आणि पिशवीतील मेणबत्त्या दुसऱ्याच दिवशी देवघरात खर्ची पडू लागतात. त्याऐवजी ‘बरं झालं, तू टॉर्च इथे ठेवायला सांगितलंस’ असे म्हणावे. हे विधान सत्यही असते, कारण जागा त्यानेच किंवा तिनेच ठरवलेली असते. यावरून निघणारा सिद्धान्त असा की घराची सज्जता पिशवीच्या वजनावरून मोजू नये. दोघांपैकी कोणीही एकटे घरी असताना, अंधारात, दुसऱ्याला हाक न मारता किती वस्तू शोधू शकते, यावरून मोजावी. ज्या घरात ही कसोटी उतरते तेथे ‘टॉर्च कुठे आहे?’ हा वाद कायमचा मिटतो आणि दांपत्याला नवा विषय शोधावा लागतो; मात्र तशी वेळ आल्यास तो सापडण्यास बहात्तर तास लागल्याचे उदाहरण मराठी गृहस्थाश्रमाच्या इतिहासात उपलब्ध नाही.